बाजार उठेपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न थोरल्या सुनेला एकटीला गाठून विचारला असता तर घराची लाज घरात राहिली असती. पण त्यांनी विचारला तो अख्ख्या गोतावळ्यासमोर. खाटेवर थोरली, हाताला सलाईन. उशाशी तिचा नवरा, घरचा थोरला, पायथ्याशी सासू, दाराला टेकून धाकटा दीर, आणि डबा घेऊन नुकतीच आलेली धाकटी जाऊ. एवढ्यांच्या देखत बाई अगदी सहज म्हणाल्या, "कामावर असताना लघवीला कुठे जाता?"

थोरल्याने खिडकीबाहेर नजर लावली. बाहेर समोरच्या इमारतीचे पाइप होते, दुसरं काही नव्हतं. पण माणसाला बघायला काहीतरी लागतं.

उत्तर सासूने दिलं. मासळी बाजारात तिला मुकादमीण म्हणत. सगळ्या विक्रेत्या बायकांची ती पुढारी, आणि दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची तिला सवयच होती.

"कुठे जायचंय? आमच्या घरातल्या बायका बाजार उठेपर्यंत ओटा सोडत नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा नाही. बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा, घसा ओला राहतो. माझा जन्म असाच गेला, काही झालं नाही मला."

"आणि ह्यांना कुणी शिकवलं?"

"मीच की."

तिने हे अभिमानाने सांगितलं, हे वाईट झालं. डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"ह्यांचं एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी झालंय. दुसऱ्याला सूज आहे. गोळ्या मी देईन, पण खरं औषध एकच आहे. पोटभर पाणी प्यायचं, आणि लागली की उठायचं. दाबून धरायची नाही. आता सांगा, बाजारात बायकांसाठी काही सोय नाही का?"

"कसली सोय आणि कसलं काय, डॉक्टर!" धाकटा दारातून म्हणाला. "पालिकेकडे अर्ज करून करून आईच्या चपला झिजल्या. दाद कोण देतंय?"

ह्यावर त्या खोलीत कुणी ब्र काढला नाही. सोय होती. बाजाराच्या मागच्या अंगाला दोन संडासांची चांगली पक्की खोली होती, पांढऱ्या फरश्या, नळ, वर टाकी. मुकादमिणीनेच भांडून ती बांधून घेतली होती आणि किल्लीही तिच्याच कमरेला असायची. फक्त आत बायका जात नव्हत्या. आत धाकट्याच्या थर्माकोलच्या पेट्या होत्या, छतापर्यंत.

हे थोरल्याला ठाऊक होतं, धाकटीला ठाऊक होतं, मुकादमिणीला तर होतंच होतं. थोरलीने एकदा सासूकडे पाहिलं. सासू सलाईनच्या नळीकडे बघत होती. मग थोरलीने भिंतीकडे तोंड केलं आणि डॉक्टरीणबाई जाईपर्यंत इकडे वळून पाहिलं नाही.

 घरी आल्यावर धाकट्याला कंठ फुटला.

"आई, दुपारी बाजारातल्या बायका भेटायला यायच्यात. आधीच एक गोष्ट ठरवून टाकू. वहिनीची किडनी मुळातच नाजूक होती. लहानपणापासूनचं दुखणं. विषय संपला."

"तुला कुणी सांगितलं लहानपणापासूनचं?" थोरला म्हणाला. आवाजात काही दम नव्हता.

"अरे, आपण सांगायचं म्हणतोय मी! त्या खेकडेवालीला काय कळतंय किडनीतलं? नाहीतर उद्या सगळ्या मिळून खोलीच्या दारात उभ्या राहतील. आणि माझ्या पेट्या कुठे ठेवू मी? तुझ्या डोक्यावर? हॉटेलवाल्यांना पहाटे माल लागतो. तिथे नळ आहे, गारवा आहे, कुलूप आहे. अशी जागा कोण देणार मला?"

"ती जागा तुझी नाही."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

 थोरल्याला बोलायला तोंड नव्हतं, आणि ते धाकट्याला नाही तरी त्याचं त्याला पक्कं माहीत होतं. थोरली ह्या घरात आली त्या पहिल्या वर्षीच त्याला म्हणाली होती, तुम्ही आईंना सांगा ना, खोली उघडा म्हणून, मला नाही सोसत. तो हसला होता. बायकांच्या असल्या गोष्टीत मी काय तोंड घालू, तूच सांग, असं म्हणून कूस बदलून झोपला होता. पुढे तिने परत विषय काढला नाही. त्याला वाटलं, झाली असेल सवय. दिवसभर गाडी हाकताना तो स्वतः मनात येईल तिथे, मनात येईल त्या झाडाआड उभा राहत होता. आज हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना त्याला ते आठवलं आणि कानापर्यंत गरम झालं.

मुकादमीण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं, हे तिला नवीन होतं.

खोली बांधून झाली तेव्हा तिने स्वतः फरश्या घासल्या होत्या. पण खोलीच्या दारासमोरच चहाचा गाडा. लिलाव संपला की पुरुष तिथे जमायचे, आणि दाराकडे जाणाऱ्या बाईकडे सगळे बघायचे. पहिल्या आठवड्यात बायका लाजल्या. मग काही दिवस टाकीचं पाणी आटलं. मग धाकटा म्हणाला, आई, नाहीतरी रिकामीच आहे, हंगामापुरत्या पेट्या टाकतो. आणि तिने दिली. आमच्या बायकांना लागतंय कुठे, असंसुद्धा म्हणाली वर. हंगाम गेला, दुसरा आला, पेट्या वाढल्या. गाडा हलवा म्हणून ती एकदा भांडली असती तरी खूप झालं असतं. पालिकेच्या साहेबाच्या टेबलावर टोपली आदळणारी बाई ती. पोटच्या पोरापुढे तिचं बळ कुठे जातं, कुणास ठाऊक.

आणि वर तो घरचा नेम. नवी सून आली की तिला लगेच ओटा मिळत नसे. एक दिवस तिने सासूशेजारी बसायचं, बाजार उठेपर्यंत, न उठता. बसली तर कोयता तिचा. थोरली बसली होती. संध्याकाळी घरी येताना तिचे ओठ पांढरे पडले होते, पण मुकादमीण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, हिने आमच्या घरचं नाव राखलं. कौतुकाने पाठ थोपटली होती तिची. ती पाठ, नेमकी कमरेवरची, जिथे आज डॉक्टरीणबाईंनी बोट लावताच पोर किंचाळली.

"बरं, आणि ओटा रिकामा ठेवून चालणार नाही," धाकटा बोलतच होता. "उद्यापासून ही बसेल." त्याने बायकोकडे हनुवटी उडवली.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात कप पुसत उभी होती. ती ह्या घरात कमी बोलणारी म्हणून ओळखली जायची. नवऱ्याच्या बाजूची, असंही सगळे धरून चालत. पेट्या लावायला सुरुवातीला तीच त्याच्याबरोबर गेली होती, आणि आत फरशीवर कुणाच्यातरी केसांची पिन पडलेली पाहून तिने पायाने ती कोपऱ्यात सरकवली होती. त्या पिनेचं तिला उगाच वाईट वाटत राहिलं होतं.

"मी बसते," ती म्हणाली. "पण मग बायकांना आजच सांगून टाका, माझीपण किडनी लहानपणापासून नाजूक आहे म्हणून. परत परत थापा मारायला नको."

"तोंड आवर!"

"तुमचं आवरलंत का डॉक्टरांसमोर?"

धाकटा उठला, पण मुकादमीण म्हणाली, "बस खाली." तो बसला. थोरल्याने पहिल्यांदाच भावजयीकडे नीट पाहिलं. वाद इथे अजून चिघळला असता, पण तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला आणि सगळ्यांनी चेहरे सारखे केले.

बायका बाजारातून थेट आल्या होत्या. कोळंबीवाली, खेकडेवाली, तिची बहीण, आणखी चार-पाचजणी, आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत सुकटवाली म्हातारी, जिचा सुक्या मासळीचा ओटा मुकादमिणीच्या अगदी शेजारी. एकीने फळं आणली होती, दुसरीने तेल. कमरेला चोळायला, म्हणे. खोलीत मासळीचा आणि बर्फाचा ओला वास पसरला. खुर्च्या पुरेनात, तशा त्या भिंतीला धरून जमिनीवर बसल्या, पाय एकावर एक घट्ट.

"कशी आहे आमची पोर?"

"तिची किडनी ना," धाकट्याने सुरुवात केली, "मुळातच जरा..."

"चहा घ्या आधी," मुकादमीण घाईने म्हणाली.

धाकटीने चहा फिरवला. सगळ्यांनी कप हातात घेतले. घ्या की, घेतो की, झालं. खेकडेवालीने ओट्यासमोरच्या गटाराची गंमत सांगितली, कोणत्या गिऱ्हाइकाचा बूट आत अडकला ती. सगळ्या हसल्या. हसताना कोळंबीवालीने एकदम ओठ आवळले आणि मांडी आणखी दाबली. धाकटीने ते पाहिलं. मग तिने कपांकडे पाहिलं. सगळे काठोकाठ. एकीनेही घोट घेतला नव्हता. ह्या पहाटेपासून बाहेर आहेत, सरळ बाजारातून इथे आल्यात आणि अजून घर गाठायचंय, हे तिच्या डोक्यात आलं, आणि ती सगळ्यांसमोर बोलून गेली.

"मावशी, बाथरूम आतल्या बाजूला आहे. स्वयंपाकघरातून सरळ. जायचंय ना?"

"छे गं, आम्हाला कुठे..." कोळंबीवाली म्हणाली, आणि म्हणता म्हणता उठलीच. तिच्यामागे खेकडेवाली उठली. मग तिची बहीण. मग सगळ्याच.

रांग लागली. मुकादमिणीच्या घरात, तिच्या बाथरूमच्या दारापासून स्वयंपाकघर ओलांडून पुढच्या खोलीपर्यंत. धाकट्याची खुर्ची नेमकी वाटेत होती. बायकांना जागा द्यायला त्याला पाय आखडून घ्यावे लागले. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, सगळ्या जमिनीकडे बघत होत्या, जणू काही चोरीच केलीय. आतून पाण्याचा आवाज यायचा, दार उघडायचं, बाहेर पडणारी ओशाळं हसायची, पुढची आत जायची. किती वेळ चाललं ते, कोण जाणे. धाकट्याची मान वर उठेना. त्याला स्वतःच्या पेट्या दिसत होत्या, एकीवर एक चढवलेल्या, आणि त्यांच्याखाली काय आहे तेही दिसत होतं.

मुकादमीण उभी राहिली.

"ऐका गं," ती म्हणाली.  "पोरीला काही लहानपणापासूनचं दुखणं नाही. खोलीला कुलूप आहे म्हणून झालंय. आत ह्याच्या पेट्या आहेत. किल्ली मी दिली."

तिला वाटलं होतं, आता गलका होईल. शिव्या खायची तिने मनाची तयारी केली होती. रांग तशीच उभी राहिली.

"ठाऊक आहे की," खेकडेवाली हळूच म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पेट्यांचं. दाराच्या फटीतून दिसतात ना."

"मग बोलला का नाहीत मला?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी कोळंबीवाली म्हणाली, "कसं बोलायचं, मावशी? तुम्ही आमच्यासाठी साहेबाशी भांडलात. शिवाय तुम्ही म्हणायचात, जिला दाबून बसता येत नाही तिने मासे विकू नयेत. आम्हाला तर येत नव्हतं. आम्ही बर्फ कारखान्यामागे जातो. तिथे ट्रकवाले असतात, शिट्ट्या मारतात. माझ्या मुलीच्या मागे एकजण आला, तेव्हापासून ती बाजारात येत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, तिला वास सोसत नाही म्हणून."

"मी हसले होते तिला," मुकादमीण म्हणाली. "नाजूक म्हणाले होते."

"हो."

 तेवढ्यात सुकटवाली म्हातारी बाथरूममधून बाहेर आली, हात झटकत. बाहेरचं बोलणं तिने आतून सगळं ऐकलं होतं. ती सरळ मुकादमिणीसमोर येऊन उभी राहिली.

"आणि तू कधी दाबून बसलीस गं?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी मायेने. "मी शेजारी होते ना तुझ्या. हे दोघं झाल्यावर तर तुला शिंकसुद्धा सोसायची नाही. बसल्या जागी व्हायचं तुझं. तू डोळ्याने खूण करायचीस आणि मी मासे धुतल्यासारखं करून बादली ओतायची तुझ्या ओट्याखाली. आठवतंय का? मासळीच्या पाण्यात काय कळतंय कुणाला."

कुणी हसलं नाही. थोरला आणि धाकटा, दोघांनीही एकाच वेळी आईकडे पाहिलं आणि एकाच वेळी नजर काढून घेतली. ह्या बाईच्या कळ काढण्याच्या गोष्टी ऐकत ते मोठे झाले होते. गल्लीत पोरांना सांगायचे, आमची आई लोखंडाची आहे.

"तू हे बोलणार नव्हतीस," मुकादमीण पुटपुटली. "शपथ घेतली होतीस."

"नव्हतेच बोलणार. पण आता तिकडे पोर पडलीय ना खाटेवर. माझ्या शपथेला काय चाटायचंय?"

मुकादमीण मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. मुलांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. धाकटी पुढे झाली, पण म्हातारीने तिला डोळ्यांनीच थांबवलं. रडू दे, असं.

पहिला उठला तो थोरला. त्याने खुंटीवरची गाडीची चावी काढली.

"चल," तो भावाला म्हणाला.

"आत्ता? अरे, पेट्या ठेवायच्या कुठे? उद्या बघू की..."

"माझ्या गाडीत ठेव. रस्त्यावर ठेव. चल."

धाकटा उठला. दारात तो घुटमळला, त्याला बायकांना काहीतरी म्हणायचं होतं. पण रांगेत अजून दोघी उभ्या होत्या. तो मान खाली घालून बाहेर पडला. खेकडेवालीने मागून हाक मारली, "आणि त्या चहाच्या गाड्याचं काय?" तेव्हा थोरला म्हणाला, "तोही हलवतो." कसा हलवणार, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सकाळी मुकादमीण एकटीच हॉस्पिटलात गेली. थोरली उठून बसली होती. शेजारी पाण्याची मोठी बाटली, अर्धी संपलेली.

"खोली उघडली म्हणे," थोरली म्हणाली. "हे सांगत होते."

"उघडली. धाकटी बसलीय आज ओट्यावर. दोनदा जाऊन आली, असा फोन आला मघाशी. मुद्दाम सगळ्यांना सांगून जाते म्हणे."

थोरलीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने बाटलीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"नर्सला बोलवा ना, आई. भांडं द्यायला सांगा."

"मी देते की. खाटेखालीच आहे."

"नको. तुमच्यासमोर नाही होणार माझ्याच्याने."

"का गं?"

"तुम्ही कधी उठला नाहीत," थोरली म्हणाली. "मला लाज वाटते."

मुकादमीण भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. काल बायकांसमोर जे दुसरीच कुणी बोलली, ते इथे तिलाच बोलायचं होतं, आणि इथे म्हातारी नव्हती.

"उठले नाही, हे खरं," ती म्हणाली. "पण दाबूनही धरलं नाही मी, पोरी. नाही जमलं. ओट्यावरच व्हायचं माझं. सुकटवाली वरून पाणी ओतायची."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता अजून, राग यायला वेळ लागणार होता.

"मग मला का बसवलंत?"

ह्याचं उत्तर सासू काल दुपारपासून शोधत होती. बरीच उत्तरं सापडली होती, सगळी स्वतःला सोयीची. ती एकही तोंडातून निघेना.

"तू बसलीस ना," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा मला फार बरं वाटलं. वाटलं, आमच्या घरात कुणाला तरी जमलं. मग माझं मलाच खरं वाटायला लागलं, की मलाही जमत होतं."

थोरलीने डोळे मिटले.  सासूने पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावला, तर तिने तो खांदा हलकेच काढून घेतला.

"भांडं ठेवा इथे," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर जा. दार लावून घ्या."

मुकादमिणीने भांडं ठेवलं. बाहेर आली, दार नीट लावलं, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून काही आवाज येत नव्हता. समोरून वॉर्डबॉय औषधांची गाडी ढकलत आला आणि सवयीने दाराच्या मुठीकडे हात नेला. तिने हात आडवा केला.

"थांबा," ती म्हणाली. "आत माझी सून आहे. तिला वेळ लागेल."